चांगले चार दात काढायचे म्हणतात, काढू का?

पत्र

डॉक्टर, माझी मुलगी १२ वर्षांची आहे. तिचे वरचे पुढचे दात बाहेर आलेत, ओठ सहज मिटत नाहीत. उजवा सुळा तर पार वर, हिरडीतून उगवल्यासारखा दिसतो. खालच्या दातांची नुसती रेटारेटी आहे. आमच्या नेहमीच्या डेंटिस्टनी ऑर्थोडॉन्टिस्टकडे, म्हणजे वाकडे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी फोटो काढले, एक्स-रे आणि मापं घेतली आणि सांगितलं, की वरचे दोन आणि खालचे दोन असे चार दात काढून दोन वर्षं तार लावावी लागेल. एकाही दाताला कीड नाही. धडधाकट दात काढायचे, या विचारानं माझी झोप उडाली आहे. त्यापेक्षा तो वर आलेला सुळाच काढला तर? नवरा म्हणतो, अठरा वर्षांची होऊ दे, मग बघू. सासूबाई म्हणतात, दिसण्यासाठी पोरीचे एवढे हाल कशाला? धाकटा ७ वर्षांचा आहे. तो झोपेत अजून अंगठा चोखतो, दात मिटले तरी पुढे फट राहते. पण तो लहान आहे, त्याचं नंतर बघितलं तर चालेल ना? जाता जाता माझंही विचारते. शाळेत असताना मी तार लावली होती. आता ४१व्या वर्षी खालचे दात पुन्हा वाकडे झालेत, ब्रश करताना कधीकधी रक्त येतं. दात सरळ करणाऱ्या घरपोच अलायनरच्या जाहिराती सारख्या दिसतात. मागवू का?

– तिघांच्या दातांची काळजी लागलेली आई

उत्तर

प्रिय ताई,

तुम्ही धाकट्याला पत्राच्या शेवटाकडे ढकललंत. मी त्याच्यापासूनच सुरुवात करते, कारण तिघांत घाई कुणाची असेल तर त्याची.

आज रात्री एक करा. त्याला उजेडात समोर बसवा, आ करायला सांगा आणि मग हळूहळू, अगदी हळूहळू दाढा मिटायला सांगा. बघायचं ते हनुवटीकडे. दात टेकता टेकता, शेवटच्या क्षणी हनुवटी एका बाजूला सरकते का? वरच्या दोन पटाशीच्या दातांमधली रेघ आणि खालच्या दोघांमधली रेघ समोरासमोर येतात की खालची रेघ बाजूला जाते? असं तीन-चार वेळा करून बघा. मुलं पहिल्यांदा मुद्दाम नीट मिटून दाखवतात.

हे का सांगते, ते ऐका. अंगठा तोंडात असला की जीभ टाळूला न लागता खाली पडून राहते आणि दोन्ही बाजूंनी गाल आत दाबत राहतात. रोज तासन् तास असं झालं की वरचा जबडा अरुंद होतो. पुढच्या दातांच्या मध्ये अंगठाच असल्यामुळे ते एकमेकांपर्यंत पोचत नाहीत. तुम्हाला दिसलेली फट ती हीच. पण फट दिसते, अरुंद जबडा दिसत नाही. वरच्या दाढा खालच्या दाढांवर नीट बसायला जागा मिळाली नाही, की मूल चावताना जबडा एका बाजूला सरकवून घेतं. त्यालाही ते कळत नाही. वाढीच्या वयात जबडा वर्षानुवर्षं असा सरकून मिटत राहिला तर तो त्याच वळणानं वाढू शकतो. मग चेहराच एका बाजूला झुकलेला दिसायला लागतो.

या वयात ते सोडवणं सोपं आहे. आपला वरचा जबडा दोन अर्ध्यांचा असतो आणि टाळूच्या मधोमध त्यांचा सांधा असतो. लहानपणी तो पक्का जुळलेला नसतो. आम्ही टाळूला एक छोटं उपकरण बसवतो. त्यात मध्ये स्क्रू असतो आणि आई-बाबांनी तो घरी किल्लीनं फिरवायचा असतो. एकदा किल्ली फिरवली की साधारण पाव मिलीमीटर. आठवडा-दोन आठवड्यांत वरच्या दोन पुढच्या दातांमध्ये अचानक मोठी फट पडते आणि घाबरलेल्या आईचा फोन येतो, 'डॉक्टर, हे काय झालं!' तो फोन आला की मला बरं वाटतं. सांधा उघडला, जबडा रुंद व्हायला लागला, याची ती खूण. ती फट पुढच्या काही महिन्यांत आपोआप मिटते. हाच सांधा किशोरवयात हळूहळू जुळत जातो. मोठ्या माणसात तो उघडायचा तर हाडात स्क्रू बसवावे लागतात किंवा शस्त्रक्रिया करावी लागते. यजमानांनी जे 'अठरानंतर बघू' म्हटलं, त्याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

अंगठ्याबद्दल त्याला रागावू नका, चारचौघांत तर अजिबात नको. तीन-चार वर्षांपर्यंत सवय सुटली तर दात बहुतेक वेळा स्वतःहून सावरतात. कायमचे पुढचे दात यायला लागले, म्हणजे साधारण सहा-सात वर्षांनंतर, मात्र ती सुटायलाच हवी. त्याला आरशात ती फट दाखवा, काय होतंय ते त्याच्या भाषेत सांगा. भिंतीवर कॅलेंडर लावा आणि अंगठ्याविना गेलेल्या प्रत्येक रात्रीची खूण त्यालाच करू द्या. झोपताना हातात मोजा घालणं किंवा कोपराला सैलसर पट्टी बांधणं, म्हणजे हात वळला की त्याला जाग येईल, हेही पुष्कळांना लागू पडतं. सुटलीच नाही, तर वरच्या दातांमागे छोटीशी जाळी बसवता येते. पण मुलाची तयारी नसताना ती बसवली तर त्याला शिक्षाच वाटते, म्हणून मी ती शेवटी ठेवते.

आणखी एक बघा. तो तोंड उघडं टाकून झोपतो का, घोरतो का? तसं असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना आधी दाखवा. नाकामागच्या गाठी वाढल्यामुळे मूल तोंडानं श्वास घेत असेल, तर मी जबडा कितीही रुंद केला तरी मूळ कारण तिथेच राहील.

अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्टांच्या संघटनेचा सल्ला आहे, की प्रत्येक मुलाची पहिली तपासणी सातव्या वर्षापर्यंत व्हावी. याचा अर्थ सातव्या वर्षी तार लावायची असा नाही. या वयाच्या बहुतेक मुलांना आम्ही नुसतं बघून परत पाठवतो. वरच्या पुढच्या दातांत नैसर्गिक फट असते, दात पंख्यासारखे फाकलेले दिसतात, आईला वाटतं सगळं बिघडलं. पुढे सुळे आले की ती फट पुष्कळदा आपली आपण मिटते. कोणती फट मिटणार आणि कोणती नाही, हे ओळखणं हे आमच्या कामातलं मोठं काम.

आता मुलीकडे वळू.

चार दात काढायचं ऐकून तुमची झोप उडाली, यात नवल नाही. चांगला दात काढायला सांगणारा डॉक्टर आई-वडिलांना आधी वैरीच वाटतो. हा निर्णय कसा घेतात, ते नीट सांगते. मग तुम्ही तुमच्या डॉक्टरांशी बरोबरीनं बोलू शकाल. मी मुलीला तपासलेलं नाही. त्यामुळे काढा किंवा काढू नका, असं पत्रावरून सांगणं मला पटत नाही. काय विचारायचं, ते मात्र नक्की सांगू शकते.

पहिली गोष्ट, सुळा. तो काढायचा विचार मनातून काढून टाका. सुळ्याचं मूळ तोंडातल्या सगळ्या दातांत लांब असतं. पुढच्या दातांची रांग जिथे वळून दाढांकडे जाते, तिथे तो कोपऱ्याच्या खांबासारखा उभा असतो. जबडा बाजूला सरकला की तोच भार घेतो आणि ओठाच्या कोपऱ्याला आतून आधार देतो. वरच्या जबड्यात तो बऱ्याच उशिरा, साधारण ११-१२व्या वर्षी येतो, तोवर शेजाऱ्यांनी जागा अडवलेली असते. म्हणून तो बिचारा वरच अडकून बसतो. दोष त्याचा नाही, उशिरा आल्यामुळे त्याला जागा उरली नाही इतकंच. त्याला खाली आणून रांगेत बसवायचं, हेच करायला हवं.

जागा आणायची कुठून, हा खरा प्रश्न. तिचे मार्ग मोजकेच आहेत. जबडा अरुंद असेल तर रुंद करता येतो. दाढा मागे सरकवता येतात, पण मर्यादेपर्यंतच. दातांच्या बाजूंचं पातळ आवरण थोडंथोडं घासून दोन-चार मिलीमीटर मिळवता येतात. पुढचे दात अजून पुढे झुकवता येतात, पण तुमच्या मुलीचे दात आधीच बाहेर आहेत, ओठ मिटत नाहीत, म्हणजे तिथे तो मार्ग बंदच समजा. आणि शेवटचा मार्ग म्हणजे दात काढणं. त्यासाठी बहुतेक वेळा सुळ्याच्या लगेच मागची उपदाढ निवडतात. ती साधारण ७ मिलीमीटर रुंद असते, म्हणजे दोन्ही बाजू मिळून एका जबड्यात १४ मिलीमीटर जागा होते. त्यातली काही दाटीवाटी सोडवायला लागते आणि उरलेल्या जागेत पुढचे दात मागे घेता येतात.

सर्वसाधारणपणे दातांची गर्दी ४ मिलीमीटरच्या आत असेल तर दात काढायची वेळ क्वचित येते. १० मिलीमीटरच्या वर गेली तर न काढता भागणं कठीण होतं. मधल्या पट्ट्यात मात्र दोन चांगले डॉक्टर दोन वेगळी मतं देऊ शकतात. ओठ किती भरलेले आहेत, हनुवटी किती पुढे आहे, हिरडी किती जाड आहे, हे सगळं पाहून तिथे ठरतं. म्हणून तुमचा पहिला प्रश्न असा विचारा: 'वर किती मिलीमीटर जागा कमी पडतेय आणि खाली किती?' ज्यांनी मापं घेतली आहेत, ते हा आकडा लगेच सांगतील.

या वादाला शंभराहून जास्त वर्षं झाली आहेत. अमेरिकेतले एडवर्ड अँगल यांनी १८९९मध्ये चाव्याच्या दोषांचं जे वर्गीकरण मांडलं, ते आम्ही आजही रोज वापरतो: पहिल्या कायमच्या दाढा एकमेकींवर कशा बसतात, त्यावरून तीन वर्ग. या शाखेला स्वतंत्र उभं करणारा हा माणूस. त्यांचा ठाम विश्वास होता, की प्रत्येक तोंडात ३२ दात मावलेच पाहिजेत, दात काढणं म्हणजे निसर्गाशी प्रतारणा. त्यांच्याच तालमीत तयार झालेले चार्ल्स ट्वीड तसेच उपचार करत राहिले. काही वर्षांनी आपलेच जुने रुग्ण तपासले, तेव्हा अनेकांचे दात पुन्हा वाकडे झालेले त्यांना दिसले आणि ओठ पुढे ढकलल्यासारखे दिसत होते. त्यांनी त्यातल्या काही रुग्णांवर उपदाढा काढून नव्यानं उपचार केले. गुरूच्या विरोधात जाऊन हे जगासमोर मांडायला किती धैर्य लागलं असेल! अँगल यांचेच दुसरे शिष्य रेमंड बेग ऑस्ट्रेलियात वेगळ्या वाटेनं त्याच निष्कर्षाला आले. त्यानंतर काही दशकं उलटं झालं, दात काढणं फारच वाढलं. आता पारडं पुन्हा बरंच मधे आलं आहे. माझं मत विचाराल तर, 'मी कधीच दात काढत नाही' असं अभिमानानं सांगणाऱ्यापेक्षा आणि सरसकट काढणाऱ्यापेक्षा, तुमच्यासमोर मोजून दाखवणारा डॉक्टर मला जास्त विश्वासाचा वाटतो.

दुसरा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे: 'दात पुढे आहेत की खालचा जबडा मागे आहे?' बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. वरचे दात खरोखर बाहेर झुकलेले असू शकतात. किंवा वरचं सगळं जागेवर असून खालचा जबडाच कमी वाढल्यामुळे वरचे दात पुढे वाटू शकतात. बाजूनं काढलेल्या डोक्याच्या एक्स-रेवर रेषा आखून हे कळतं. खालचा जबडा मागे असेल तर मुलगी वाढतेय, हे आपल्या फायद्याचं आहे. खालचा जबडा पुढे धरून ठेवणारी काढता-घालता येणारी उपकरणं असतात. ती वाढीच्या जोराच्या काळात सर्वांत चांगली लागू पडतात. मुलींमध्ये हा काळ मुलांपेक्षा लवकर येतो. पाळी सुरू झाली, की उंचीच्या वाढीचा सगळ्यात वेगाचा टप्पा बहुतेक मागे पडलेला असतो. म्हणून हा प्रश्न या महिन्यातच विचारा. 'आधी जबड्याचा उपचार, मग तार, मग गरज पडली तर दात काढणं' असा क्रम शक्य आहे का? डॉक्टर 'नाही' म्हणाले, तर एक्स-रेवर बोट ठेवून का नाही, ते दाखवायला सांगा. याचा कुणालाही राग यायचं कारण नाही. मला तर असे प्रश्न विचारणारे पालक आवडतात.

अठरापर्यंत थांबलं तर काय? नुसते दात सरळ करायला वयाची अट नाही, साठीतही दात सरकतात. पण वाढ एकदा थांबली की जबड्याची उणीव दातांनीच झाकावी लागते. उणीव मोठी असेल तर जबड्याची शस्त्रक्रिया हाच मार्ग उरतो. शिवाय पुढे आलेले दात पडण्या-झडण्यात आधी सापडतात. वरचे दात खालच्या दातांच्या पुढे २-३ मिलीमीटर असणं स्वाभाविक आहे. हे अंतर जितकं वाढतं आणि ओठांचं पांघरूण जितकं कमी पडतं, तितका सायकलवरून पडल्यावर, मैदानात कोपर लागल्यावर दात तुटायचा धोका वाढतो. वेळापत्रक चुकल्यावर डॉक्टरांकडे आलेली, एक पुढचा दात अर्धा तुटलेला, अशी मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत.

सासूबाईंचं म्हणणंही मी टाकून देणार नाही. त्यांना नातीचे हाल दिसताहेत. त्यांना प्रामाणिकपणे सांगा, की दात वाकडे आहेत म्हणून ते किडतीलच असं नाही. नीट घासणाऱ्या माणसाचे वाकडे दातही आयुष्यभर टिकतात. डोकेदुखी जाईल, जबड्याचा सांधा दुखायचा थांबेल, असं आश्वासन तार विकण्यासाठी कुणी देत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. पण ओठ न मिटणं, दाट दातांत ब्रश न पोचणं, एखाद्या दातावर उलटा भार येऊन तिथली हिरडी खाली सरकणं, पुढच्या दातांनी घास तोडता न येणं, हे त्रास खरे आहेत. आणि दिसण्याचं म्हणाल, तर मुलगी हसताना तोंडावर हात धरते का, ते एकदा बघा. माझ्याकडे येणाऱ्या मुलींच्या फोटोंत मला हे नेहमी दिसतं. पहिल्या भेटीत 'हस बघू' म्हटलं की हात आपोआप वर जातो, मग मी हळूच तो खाली घेते. बाराव्या वर्षी हसू लपवायची सवय लागली, तर तेही दुखणंच म्हणायचं.

आता तार लागली की काय होतं, तेही माहीत असू द्या. दात हाडात गच्च रुतलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलीमीटरचा मऊ पडदा असतो. तारेनं दाताला हलकं ढकललं, की एका बाजूचा पडदा दबतो आणि तिथलं हाड विरघळतं. दुसऱ्या बाजूला पडदा ताणतो आणि तिथे नवीन हाड तयार होतं. दात हाडातून वाट काढत जातो, महिन्याला साधारण एक मिलीमीटर. म्हणून 'जरा जास्त घट्ट करा, लवकर होईल' असं म्हणून चालत नाही. जास्त दाबलं तर तिथला रक्तपुरवठाच खुंटतो, दात अडून बसतो आणि मूळ झिजायचा धोका वाढतो. दोन वर्षं लागतात ती हाडाच्या वेगानं, डॉक्टरांच्या आळसानं नाही.

पहिले तीन-चार दिवस दात दुखतील, चावताना कळा येतील. गालाला टोचलं तर तिथे मेण लावायचं, ते दवाखान्यातच देतात. दुसरा धोका जास्त मोठा आहे, आणि तो चुपचाप येतो. तार अडकवायला प्रत्येक दातावर जो छोटा चौकोनी तुकडा चिकटवतात, त्या ब्रॅकेटच्या कडेला मळ साठून दाताचं कॅल्शियम निघून जातं. मग तार काढल्यावर प्रत्येक दातावर खडूसारखा पांढरा चौकोन उरतो, मधे ब्रॅकेट होतं तिथे मात्र दात चकचकीत. दोन वर्षांची मेहनत अशी डागाळलेली बघणं फार वाईट. प्रत्येक जेवणानंतर ब्रश, तारेखालून जाणारा बारीक ब्रश, फ्लोराइडची पेस्ट, गोड पेयं बंद. बारा वर्षांच्या मुलीकडून हे रोज आपोआप होणार नाही. पहिले काही महिने रात्री तुम्ही स्वतः टॉर्च लावून बघा. कडक, चिकट खाणं टाळायचं, नाहीतर ब्रॅकेट निघतं आणि प्रत्येक वेळी उपचार लांबतो. मैदानावर खेळत असेल तर माउथगार्ड घालायला हवा.

ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणजे आधी डेंटिस्ट, आणि त्यानंतर दोन-तीन वर्षं पूर्णवेळ फक्त याच शाखेचं शिक्षण घेतलेला माणूस. तार चिकटवणं त्यातलं सोपं काम आहे, ते शिकायला वेळ लागत नाही. खरं कौशल्य लागतं ते कोणता दात, कधी, कोणत्या दिशेनं न्यायचा आणि कुठे हात लावायचा नाही, हे ठरवायला. आमच्याकडे फाटलेल्या ओठ-टाळूचं बाळ येतं, तेव्हा शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांबरोबर वर्षानुवर्षं त्याच्या वाढीकडे बघत बसावं लागतं. हाडात आडवा रुतून बसलेला सुळा सोन्याची बारीक साखळी लावून महिनोन् महिने खाली ओढावा लागतो. तुमच्या नेहमीच्या डेंटिस्टनी स्वतः तार न लावता पुढे पाठवलं, हा त्यांचा मोठेपणा आहे. धाकट्यालाही दहावं लागलं, की दुधाच्या सुळ्याच्या वर हिरडीत कायमच्या सुळ्याचा उंचवटा लागतो का, हे डॉक्टरांना बोटानं चाचपायला सांगा. नसेल तर एक्स-रे काढून घ्या. तेव्हा कळलं तर कधीकधी दुधाचा सुळा काढल्यानंच कायमचा सुळा वाटेवर येतो.

आणि आता तुम्ही. घरपोच अलायनर आत्ता मागवू नका. अलायनर वाईट आहेत असं नाही, मी ते रोज वापरते. पारदर्शक पट्ट्यांचा संच, दिवसातले २० ते २२ तास घालायचा, एक-दोन आठवड्यांनी पुढची पट्टी. मोठ्या माणसांच्या थोड्याफार वाकड्या दातांना ते छान लागू पडतात. पण तुम्ही जाता जाता जे लिहिलंत, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं: ब्रश करताना रक्त येतं. निरोगी हिरडीतून रक्त येत नाही. चाळिशीत दात वाकडे व्हायला लागले, तर ते नुसत्या वयानं आहे की हिरडीखालचं हाड कमी होतंय म्हणून आहे, हे आधी कळायला हवं. हाड कमी झालेल्या, सुजलेल्या हिरड्यांत दात सरकवायला घेतले, तर आहे तेही हाड जातं. एक्स-रे न काढता, दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीची खोली न मोजता, फक्त दातांच्या साच्यावरून पट्ट्या पाठवणाऱ्याला हे कसं दिसणार?

तुमचे दात परत का वाकडे झाले, हे मी ओळखू शकते, कारण माझेही झाले होते. पंधराव्या वर्षी माझी तार निघाली आणि डॉक्टरांनी रात्री घालायला प्लेट दिली. कॉलेज सुरू झालं आणि प्लेट ड्रॉवरमध्ये गेली. बावीसाव्या वर्षी, याच शाखेचा अभ्यास करताना, ती सहज घालून बघितली. बसलीच नाही. खालचा एक दात पुढे आला होता. हिरडीतले ताणलेले धागे नव्या जागी रुळायला वर्षभर लागतं, तोवर ते दात मागे खेचतात. आणि पुढेही, तार कधीच न लावलेल्यांचेसुद्धा, खालचे पुढचे दात वयाबरोबर दाटत जातात. त्याचं खापर अक्कलदाढेवर फोडायची पद्धत आहे, पण फक्त त्यासाठी ती काढून उपयोग होत नाही. उपयोग होतो तो रिटेनरचा, म्हणजे दात जागेवर धरून ठेवणाऱ्या प्लेटचा किंवा तारेचा. माझ्या खालच्या दातांच्या मागे आज बारीक तार चिकटवलेली आहे, आणि मी ती काढणार नाही. मुलीची तार निघेल त्या दिवशी तिला हे सांगा, आणि रिटेनर किती वर्षं घालायचा ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

तुमचं पहिलं काम म्हणजे नेहमीच्या डेंटिस्टकडून दात साफ करून घेणं आणि हिरड्या मोजून घेणं. रक्त थांबलं, हाड ठीक आहे असं दिसलं, की मुलीला ज्या ऑर्थोडॉन्टिस्टकडे नेताय, तिथेच तिच्या पुढच्या भेटीला स्वतःही खुर्चीत बसा. आणि धाकट्याला त्याच दिवशी बरोबर न्या. हनुवटी सरकते का ते तोवर बघून ठेवा, जमलं तर मोबाइलवर छोटा व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात गेल्यावर मुलं नेमकं नीट मिटून दाखवतात.

तुमची,
डॉक्टर